पाऊल अडते तेव्हा

मराठीत दोन म्हणी शेजारी-शेजारी नांदतात, पण एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या असतात. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही एक आणि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही दुसरी. पहिली आपण मुलांना शिकवतो. दुसरीने आळशी माणसाची थट्टा करतो. मी सत्तावीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. या दोन्ही म्हणींचे वाक्यात उपयोग मी किती वह्यांतून तपासले असतील, त्याची गणती नाही. मात्र घरात खरोखरच कुणी खाटल्यावर असले म्हणजे या म्हणींचे अर्थ पुन्हा पाहावे लागतात. स्वतःच्या बळावर विसंबू नये, परमेश्वराच्या सामर्थ्यावर विसंबावे, हे आम्ही ख्रिस्ती लोक उपासनेत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याचे हात, पाय आणि जीभ एकेक करून त्याचे ऐकेनासे झाले आहेत, अशा माणसाच्या उशाशी बसून या उपदेशाचा अर्थ कसा लावायचा? माझ्या घरी हा प्रश्न नऊ वर्षे मुक्कामाला आहे.

माझे यजमान एस. टी.चे चालक होते. नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाट चढून पलीकडे राधानगरीकडे उतरणाऱ्या गाड्या त्यांनी आयुष्यभर हाकल्या. पावसाळ्यात, धुक्यात, दरडी कोसळत असतानाही. प्रार्थना डेपोत करावी आणि घाटात ब्रेकवर पाय ठेवावा, असे ते नव्या चालकांना सांगत. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी त्यांचा उजवा अंगठा चहाच्या कपाच्या कानाशी थरथरू लागला. अक्षर बारीक होत गेले, चेहऱ्यावरचे हसू आखडले, चालताना उजवा हात हलेनासा झाला. कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान केले.

हा आजार वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींची सहजता जाते. कंप तेवढा लोकांना दिसतो. आजाऱ्याला अधिक छळतात ते ताठरपणा, मंदपणा आणि पुढे पुढे होणारे पावलांचे अडणे. दाराच्या चौकटीत, वळणावर, अरुंद जागेत पाय जमिनीला खिळे ठोकल्यासारखे चिकटून बसतात. धड पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस कोसळतो.

हे अडणे मी फार जवळून पाहिले आहे. माजघराच्या उंबरठ्याशी ते उभे राहत. मान ताठ, जबडा आवळलेला, कपाळावर घाम. घाटात अडकलेली गाडी पहिल्या गिअरवर ओढून काढावी तसे ते स्वतःला ओढू पाहत. आणि जोर जितका वाढे तितके पाय घट्ट होत. व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी पहिल्याच भेटीत हे ओळखले. त्यांनी सांगितलेला उपाय ऐकायला साधा आहे. पाय अडला की जोर लावू नये. थांबावे, श्वास सोडावा, अंगाचा भार आधी एका पायावर आणि मग दुसऱ्यावर घ्यावा. त्यानंतर बाहेरून एखादा इशारा घ्यावा. जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून ती ओलांडण्यासाठी पाऊल उचलावे किंवा कुणी तालात आकडे मोजत असेल तर त्या तालावर चालावे. मेंदूचा आतला ताल बिघडलेला असतो; बाहेरचा ताल त्याची उणीव काही प्रमाणात भरून काढतो. ही युक्ती प्रत्येकाला सारखीच लागू पडते असे नाही, पण पुष्कळांना पडते.

आमच्या शेजारचे काका भजनी मंडळात झांज वाजवतात. कोकणात झांज कुठे मिळत नाही? आमच्याकडे नारायण वामन टिळकांची भजने सायंप्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या गायिली जातात. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये याच कोकणातला, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. विलायती चालींची गीते गाणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीला त्यांनी अभंग आणि भजन परत मिळवून दिले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. एके संध्याकाळी आमचे भजन चालू होते. काका सहज ओटीवर येऊन बसले होते. त्यांनी झांज धरली. यजमान खाटेवरून उठले आणि उंबरठा ओलांडून ओटीवर येऊन उभे राहिले. त्यांनाही ते आल्यावरच कळले. मी गाणे थांबवले नाही. थांबवले असते तर ते तिथेच अडकले असते.

त्या रात्री ते म्हणाले, “मी आलो नाही. मला आणले.”

हे वाक्य मला पंडिता रमाबाईंकडे घेऊन गेले. आमच्या घरात त्यांचे नाव आजीच्या काळापासून आहे, पण आजाऱ्याच्या सोबतीने त्यांचे चरित्र वाचणे ही वेगळी गोष्ट. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब पायी हिंडले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती कॉलऱ्याने गेले. कडेवर एक मुलगी, मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

इथवरची कथा शाळेच्या पुस्तकात असते. पुढचा भाग रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगितला आहे आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. उपदेश करत असतानाच आपले स्वतःचे हृदय रिकामे आहे, हे त्या गृहस्थाला उमगले होते. रमाबाईंनी तोच प्रश्न स्वतःला विचारला. त्यांनी धर्म बदलला होता, देश पाहिले होते, ग्रंथ लिहिले होते, विधवांसाठी शाळा उभी केली होती. तरी मनाच्या तळाशी जमाखर्चाची वही उघडीच होती. मी इतके केले, आता देवाने मला स्वीकारावे. वहीचे पुठ्ठे बदलले होते, हिशेब तोच होता. ती वही त्यांनी त्या दिवसांत मिटली. आपल्या पात्रतेने काही मिळायचे नाही आणि जे मिळायचे ते आधीच दिलेले आहे, यावर त्यांनी भार टाकला.

आता माझ्यासारख्या शिक्षिकेच्या मनात लगेच शंका येते. सगळे देवावर सोपवले की माणूस हातपाय गाळून बसत नाही का? रमाबाईंची पुढची तीस वर्षे पाहावीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. म्हणून पुण्याच्या पूर्वेस केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणी, छापखाना चालवला. मनोरमाबाईंनी अंध मुलींसाठी ब्रेल आणली. अमेरिकेतील स्नेह्यांनी दहा वर्षांपुरते दिलेले मदतीचे वचन १८९८ मध्ये संपले, तेव्हा ठराविक उत्पन्नाची हमी नसताना हे घर वाढतच होते. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसे होती. खाटल्यावर बसून हे होत नाही. पण हेही खरे की ‘दोन हजार जणींना मीच जगवते आहे’ असे रोज रात्री छातीवर घेऊन झोपणाऱ्या बाईकडूनही ते झाले नसते. काम त्यांनी हातात ठेवले आणि शेवटाचा भार परमेश्वराच्या हाती दिला. भगवद्‌गीता वाचणाऱ्या माझ्या शेजारणींना ही विभागणी अनोळखी वाटणार नाही. फरक असलाच तर तो कुणाच्या हाती सोपवायचे यात आहे.

रमाबाईंचे उतारवय वृद्ध वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. त्यांना ऐकू कमी येत असे. त्या अवस्थेत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे साध्या, खेडवळ बाईलाही कळेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या. जवळजवळ अठरा वर्षे हे काम चालले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. आपल्यामागे संस्था सांभाळील म्हणून जिच्याकडे पाहिले, ती एकुलती एक मुलगी चाळिशीत आईच्या आधी गेली. त्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच गेल्या. पूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून निघाले. ते पुस्तक बांधलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. काम मात्र त्यांच्या बाजूने पुरे झालेले होते.

परमेश्वरावर भार टाकला म्हणजे औषधाची गरज उरत नाही, असे सांगणारे लोक दर काही महिन्यांनी दारात येतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ते येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, त्याबद्दल मी कृतज्ञ असते. आणि जाताना “गोळ्या बंद करून विश्वासाची परीक्षा पाहा” असे सांगतात, तेव्हा मी चहाचे कप उचलते. कंपवाताची लेव्होडोपाची गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. अंग लाकडासारखे ताठरते, तीव्र ताप चढतो, जीवावरही बेतू शकते. मात्रा कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच. गोळीची वेळ घड्याळावर पाळावी. पुष्कळ आजाऱ्यांत डाळ, दूध, मासे यांतील प्रथिने गोळीच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून आम्ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी देतो. आपल्या रानात खाजकुयली वाढते. तिच्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते आणि आयुर्वेदाला ती पूर्वापार ठाऊक आहे. म्हणूनच ती कुणीतरी सांगितले म्हणून कुटून चालू गोळ्यांच्या जोडीला देऊ नये, मात्रा दुप्पट होण्याची भीती असते. लूक, ज्याच्या नावे एक शुभवर्तमान आहे, तो वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता. पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि कृपा पुरेशी आहे एवढे उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला असे आजवर कुणी म्हटलेले नाही. मग खाटेवरच्या माणसाला ते का म्हणावे?

व्यायामाचेही असेच. पाऊल अडल्या क्षणी जोर लावू नये, हे खरे. पण रोज सकाळी अर्धा तास हात-पाय, मान, पाठ हलवण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. यजमानांना हा भेद माझ्याआधी कळला. घाटात चाक धरायचे, पण घाट आपण बांधलेला नाही, असे काहीसे ते पुटपुटले होते.

आता सोबत करणाऱ्यांविषयी. आजाऱ्याने शरण जाणे पुष्कळदा शरीरच त्याला शिकवते. सोबतीणीचे शरीर धडधाकट असते, म्हणून तिला ते अवघड जाते. निर्गमाच्या पुस्तकात रफीदीमच्या लढाईची गोष्ट आहे. ऐंशी ओलांडलेला मोशे टेकडीवर उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकी वरचढ होतात. हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर एक धोंडा आणून त्याला बसवतात आणि दोघे दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, ते सूर्य मावळेपर्यंत. ही गोष्ट मी मुलांना शौर्याची म्हणून ऐकवत असे. आज मला तिच्यातला धोंडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परमेश्वराचे सामर्थ्य वरून आले, पण बसायला धोंडा माणसांनी आणला. मोशेने बसायला नकार दिला नाही.

आमच्या घरी तो धोंडा असा आला. यजमानांना रात्री कुशीवर वळता येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. तीन वर्षे रात्रीची ही पाळी माझी एकटीची होती. मुलगा-सून मुंबईला, दोघांची नोकरी. गेल्या पावसाळ्यात माझा रक्तदाब वाढला आणि मला चक्कर येऊ लागली. शेजारच्या काकी आल्या, खाटेशेजारी चटई घातली आणि म्हणाल्या, “बाई, तुमी जावा, जरा पडा. मी बसतंय हयसर.” मी गेले आणि पहाटे साडेपाचपर्यंत झोपले. तेव्हापासून आठवड्यातल्या दोन रात्री काकींच्या आहेत. सून महिन्यातून एकदा कोकण रेल्वेने येते आणि चार दिवस मला स्वयंपाकघराबाहेर ठेवते. ज्यांना शेजार नाही अशांनी मदत मागण्याची लाज बाळगू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे आजारी आणि त्यांचे कुटुंबीय एकमेकांना भेटतात. जवळपास असे काही असेल तर जावे. देवावर विसंबते असे म्हणणाऱ्या बाईने शेजारणीवर विसंबायला नकार द्यावा, हे मला विसंगत वाटते.

या वर्षी गिळण्याचा त्रास सुरू झाला आहे. पाण्याने ठसका लागतो, म्हणून पातळ काही देत नाही. आपली कोकणी पेज इथे फार उपयोगी पडते. ती घट्ट घोटायची, माणसाला ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, एक घोट उतरला की मगच दुसरा. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. पावसाळ्याआधी डॉक्टरांनी पुढची गोष्टही काढली. गिळणे अगदीच थांबले तर पोटात नळी बसवून अन्न द्यायचे का, याचा विचार करून ठेवा, असे ते म्हणाले. त्यांनी घाई केली नाही, दडपणही आणले नाही.

घरी येताना गाडीत कुणी बोलले नाही. मुलाचे मत होते की नळी बसवावी. जे जे शक्य ते ते करावे. त्याच्या जागी मी असते तर माझेही तेच झाले असते. दोन दिवसांनी सायंप्रार्थना झाल्यावर मी यजमानांना सरळ विचारले. त्यांचा आवाज आता कुजबुजीइतका आहे. कान ओठांजवळ न्यावा लागतो. ते मालवणीत बोलले, “पेज जवसर जाता, तवसर पेज. फुडला तेका ठावक.”

मुलगा बराच वेळ त्यांच्या पायांशी बसून राहिला. मग त्याने कागद आणला, ते वाक्य तारखेसह लिहिले, यजमानांनी त्यावर अंगठा उमटवला आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांच्या फाईलला लावला. नळी बसवण्याचा निर्णय घेणारी कुटुंबे आहेत, त्यात प्रेम आहे आणि विश्वासही आहे. प्रत्येक घराची अवस्था निराळी. वाचकांना एवढेच सुचवते की आजाऱ्याला बोलता येत आहे तोवर हा प्रश्न त्यालाच विचारावा.

सुनेने परवा माझ्याकडून पेज घोटायला शिकून घेतली. तिची थोडी पातळच होते. यजमान ती अधिक सावकाश गिळतात, आणि तक्रार करत नाहीत.